कधीच बंद न केलेला सर्व्हर

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक मावशी आणि तिची भाची बसल्या होत्या.

“मावशी, दाढ एवढी दुखतेय?”

“दाढ गेली खड्ड्यात! अख्ख्या ऑफिसच्या फायली आमच्या सर्व्हरवर, आणि नवं स्टोरेज सॉफ्टवेअर म्हणतंय, सिस्टिमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, जुना आहे. एक फाईल दिसेना!”

“मग नवा टाक.”

“सकाळीच टाकला. तरी तेच पालुपद!”

“टाकल्यावर सर्व्हर रीस्टार्ट केलास?”

“वेडी आहेस का? लावल्यापासून एकदाही बंद केलेला नाही तो. ऑफिसभर मिरवते मी!”

“अगं, मग अजून जुन्याच कर्नलवर चालतोय तो!”

“अगं बाई!”

मावशीनं तिथूनच फोन लावला.

“हॅलो, सर्व्हर रीस्टार्ट करा… हो, मीच सांगतेय!… झाला? सगळ्या फायली दिसतायत? शाब्बास!”

“मावशी, हसता हसता डोळे का पुसतेस?”

“इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळा लागला गं त्याचा, आणि मी जवळ नव्हते.”