पोत्यात शिवलेला औषधाचा डबा

तुमी हसताल, पण झालं तसं सांगतो. दोन वर्षांचं लेकरू घेऊन सासुरवाडीला निघालो. बायकोनं कापूस, पट्ट्या, तापाचं औषध एका डब्यात भरलं. पोरगं दिसंल ते उघडतंय, म्हणून मी तो डबा पोत्यात घालून, हळदीचं पोतं शिवतो तसा दाभण-सुतळीनं पक्का शिवून टाकला.

वारंगा फाट्यावर हॉटेलात चहाला थांबलो, अन् पोरगं पडलं. हनुवटीतून रक्ताची धार.

"पट्टी काढा!" बायको ओरडली.

सुतळी दातानंही तुटंना. हॉटेलवाल्याचा चाकू घेतला, पोतं फाडलं, अन् चाकू सटकून माझ्याच बोटात घुसला.

पोरगं रडणं सोडून माझ्या बोटावर फुंकर घालून राहिलं.

दोघांना पट्ट्या बांधून बायको म्हणाली, "पुढच्या येळेस डबा उघडाच ठिवते. पोत्यात तुमाला शिवते!"