दर्यापूरचा माईक

अनुप : थांब, थांब. पुन्हा म्हन. दुसऱ्या कडव्यापासून.

प्रियदर्शनी : आता काय झालं?

अनुप : तसं नाही येऊन राहिलं. अमरावतीले जसं गायली, तसं गा ना.

प्रियदर्शनी : तसं म्हणजे कसं? तिथं पण मीच होती, इथं पण मीच आहे.

अनुप : तेच तं म्हनतो मी. गानं तेच, बायको तीच, आता माईक पन तोच. कुलदीपकडे हाय त्याच कंपनीचा. दर्यापूरवरून जीपमधी मांडीवर घेऊन आनला म्या, लेकरावानी. मंग आवाज तसा काहून नाही येत?

प्रियदर्शनी : मले काय विचारता? मी नर्स आहे, मेकॅनिक नाही.

अनुप : त्या दर्यापूरच्या पोट्ट्यानं डुप्लिकेट तं नाही देल्ला?

प्रियदर्शनी : अवो, आधी जरा कूलर लावा. उकडून जीव चालला माया.

अनुप : कूलर लावला का घरघर येते रेकॉर्डिंगमधी.

प्रियदर्शनी : म्हणूनच या उन्हाळ्यात एसी घेणार होतो आपण. त्याचे पैसे या जुन्या माईकमधी गेले.

अनुप : जुना हाय म्हनून तं परवडला. नवा कुठून घेतो मी? अन गेले नाही पैसे, लागले. अख्ख्या जठारपेठेत घरात स्टुडिओ कोनाचा? आपला. पन लोकं फोन करते तं काय विचारते? वहिनींचं ते रमाईचं गानं कुठं रेकॉर्ड केलं? मी सांगतो, अमरावतीले. कुलदीपच्या स्टुडिओत. मंग समोरचा फोन ठेवते. का माहीत, मनात हसतही असन.

प्रियदर्शनी : गाणं चांगलं झालं, ते आवडलं नाही का तुमाले?

अनुप : आवडलं. तेच तं दुखते. तू ड्यूटीवर गेली का रोज लावतो.

प्रियदर्शनी : माहीत आहे मले. मी घरी येते तवा हेडफोन गरम असते.

अनुप : त्या कुलदीपले केबल गुंडाळायले म्या शिकवलं, प्रिया. याच खोलीत. आवाज घुमू नये म्हनून भिंतीले हे अंड्याचे ट्रे चिकटवले, तवा तो डिंकाचा डबा धरून उभा होता. आता तिकडं पाटी लावून बसला, अन लोकं त्याले सर म्हनते.

प्रियदर्शनी : अजूनपण नाव घेते तो तुमचं. रेकॉर्डिंगच्या दिवशी रागिणीसमोर म्हणाला, हे सगळं दादानं शिकवलं.

अनुप : रागिणी होती का तिथं?

प्रियदर्शनी : हे काय विचारणं झालं?

अनुप : साधं विचारलं.

प्रियदर्शनी : साधं नाही विचारलं. त्याची बायको आमच्यासाठी स्वयंपाक करत होती. मी खोलीत गात होती. तो काचेमागं बसला होता. झालं समाधान?

अनुप : तसं नाही म्हनलं म्या.

प्रियदर्शनी : तसंच म्हटलं तुमी.

अनुप : बरं, म्हनलं. काय करू? त्या गान्यात तू जशी गायली, तशी मायासमोर कधीच नाही गायली. ऐकतो अन मले वाटते, हे बाई कोन हाय? मायाच घरात राहते, अन हिची ओळख झाली कुलदीपले.

प्रियदर्शनी : गाणं म्हटलं मी, दुसरं काही नाही.

अनुप : सांग ना. काय केलं त्यानं? कोनती सेटिंग लावली? भिंतीवर गाद्या ठोकल्या, ते पाह्यलं म्या फोटोत.

प्रियदर्शनी : हो. पिंजाऱ्याकडून कापूस भरून आणल्या. स्वस्तात झालं म्हणे.

अनुप : त्या तं आपन पन लावू. ट्रे काढून फेकतो. अजून काय?

प्रियदर्शनी : अजून काही नाही. बटन दाबलं अन गप बसला.

अनुप : गप बसला?

प्रियदर्शनी : मी शेवटपर्यंत गायली. मधात आवाज फाटला, तरी नाही थांबवलं.

अनुप : दुसऱ्या कडव्यात. 'माय' म्हनतानी. ऐकलं म्या. मी असतो तं कापलं असतं ते.

प्रियदर्शनी : कापलंच होतं तुमी.

अनुप : कवा?

प्रियदर्शनी : हे गाणं मी पहिले इथं म्हटलं. माही माय गेली, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावाले गेले. त्या दिवशी मी म्हटलं, मले एक गाणं करायचं आहे. 'माय' आलं का माया गळा भरून ये. तुमी म्हणाले, थांब, सूर गेला, पाणी पी. मी पाणी प्यायली. पुन्हा तिथंच गळा भरला. मंग तुमी हेडफोन काढला अन म्हणाले, राहू दे, हे तुया आवाजाचं गाणं नाही.

अनुप : मी सुराचं बोलत होतो.

प्रियदर्शनी : मी मायचं बोलत होती.

अनुप : मले सांगतलं नाही तू तवा.

प्रियदर्शनी : काय सांगायचं होतं? कोण गेलं ते तुमाले माहीत नव्हतं का? मंग ट्रेनिंगसाठी अमरावतीले गेली, रागिणीनं जेवायले बोलावलं. कुलदीप म्हणाला, वहिनी, एखादं गाणं म्हणा. मी म्हटलं, माया आवाजाचं नाही ते. तो म्हणाला, म्हणा तर.

अनुप : दर्यापूरवाल्याले फोन लावतो. नाही जमलं तं परत घेईन म्हनाला होता.

प्रियदर्शनी : काहून? माईक चांगला आहे. ठेवा.

अनुप : मंग मी काय करू, सांग तूच.

प्रियदर्शनी : बाहेर जा.

अनुप : आँ?

प्रियदर्शनी : कोणतं बटन दाबायचं ते दाखवा, अन बाहेर जाऊन बसा.

अनुप : अन आवाजाची लेव्हल कोन पाहीन?

प्रियदर्शनी : कोणी नाही.

अनुप : कुलदीप समोर बसला तं चाललं. मी बसलो तं नाही.

प्रियदर्शनी : तो परका आहे. त्याले आवडलं काय अन नाही काय, मायं काही जात नाही. तुमच्या कपाळावर नुसती आठी पडली तरी माया आवाज आत ओढल्या जाते.

अनुप : हे लाल बटन. दाबलं का हा दिवा लागते. झालं का पुन्हा हेच दाबजो. पन तेच गानं कितीदा म्हनतं?

प्रियदर्शनी : ते नाही म्हणत. मायचं एक आहे, वावरात कापूस येचताना म्हणे ती. तिच्या माघारी कोणासमोरच नाही म्हटलं मी. जा आता.

(दार ओढून घेतलं जातं. आतून गाणं येत राहतं, मधे कुठंही न थांबता. मग दार उघडतं.)

प्रियदर्शनी : अवो, इथंच दाराले टेकून बसले?

अनुप : फरशी थंडी हाय इथं.

प्रियदर्शनी : डोळे पुसा.

अनुप : घाम हाय.

प्रियदर्शनी : कसं झालं?

अनुप : दोन जागी सूर गेला.

प्रियदर्शनी : अन?

अनुप : अन काही नाही. हात नाही लावत मी त्याले.

प्रियदर्शनी : मंग रागिणीले पाठवते. कुलदीप पण ऐकीन.

अनुप : पाठव. पन आज नको, प्रिया. आजच्या दिवस आपल्याच घरात राहू दे.