पावतीची पूजा

पिंपळनेरच्या एस.टी.त मागचं म्हातारं जोडपं बोलू लागलं, तशी शीतलने कानातली वायर काढली.

"आज रिव्हॉल्व्हर घरी आलं की काडतुसं मी घरीच भरणार. दुकानात फार महाग."

"कोण शिकवील?"

"तुझा भाऊ! वरणगावच्या काडतुसांच्या कारखान्यातून रिटायर शे ना."

"तो कॅन्टीनमध्ये होता. फार तर शेवभाजी शिकवील."

"हसू नको."

"पोलिसांना कळलं तर रिव्हॉल्व्हर राहील बाजूला, तुम्हीच जमा व्हाल!"

"ते तरी घरी राहतं कुठं? निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा. ग्रामपंचायत झाली, झेडपी झाली, विधानसभा झाली."

"दोन वर्षांत मी अजून धड पाहिलं नाही."

"दसऱ्याला पूजा केलीस की!"

"ती ठाण्याच्या पावतीची केली. बघा, हळद-कुंकू शे अजून."

"दे इकडे. आज सोडवूनच आणतो. पेढे घेतलेस ना?"

"घेतले. नारळ बी घेतला."

शीतलचा मोबाइल थरथरला. 'जिल्ह्यात आजपासून आचारसंहिता लागू.' तिने तो मांडीवर पालथा घातला.

तेवढ्यात मागून खांद्यावरून एक हात पुढे आला.

"घे बेटा, पेढा घे. आज आमचं रिव्हॉल्व्हर घरी येतंय."

शीतलने दोन घेतले.