एक अब्ज सात

तुम्ही पाटीचं विचारताय ना? मी गणिताची बाई. कुडाळात घर बांधलं आणि नावाऐवजी लाडका आकडा लिहिला: १,००,००,००,००७.

घरभरणीला देवाला गाऱ्हाणं घालायला आलेले काका भडकले. "बेरीज आठ! शनीचो आकडो. एक वाढव, नऊ होतली."

"काकानू, एक वाढवलो काय दोनान भाग जाता, नवान जाता. आता कोणानच जाणा नाय."

काकांनी नारळ उचलून देवालाच सांगितलं, "म्हाराजा, लगीन करणा नाय, वर ह्यो आकडो! ह्या चेडवाक बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

मग मीही हात जोडले. "म्हाराजा, एक आणि तो स्वतः सोडून ह्या आकड्याक कोणी भागूक शकणा नाय. माकाय तशीच ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळे गरजले. सगळ्यात मोठा आवाज काकांचा.