तांबड्या फितीच्या बारा हॅटा

—बारा? बारा हॅटा, आणि बाराही तांबड्या फितीच्या? तुमची नगरपालिका भलतीच खुशीत दिसतेय मास्तर. बसा. त्या स्टुलावर नको, तिथे विणायची ओली पात ठेवलीय, बाकावर बसा. कधीला हव्यात — पंधरा दिवसांत? अहो, एक चांगली हॅट विणायला मला आठवडा लागतो, आत माझी लेक रोसेंदा मोगरीनं ठोकून ठोकून ती गुळगुळीत करते, ऐकू येतोय ना ठकठक आवाज, तीच ती — दोघींचे मिळून चार हात, पाचवा कुठून आणू? आणि म्हणे चौकात दगड बसवायचाय. पालोनेग्रोच्या लढाईला पस्तीस वर्षं झाली म्हणून. गावातले जे तांबडे गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावं. चांगलं आहे, बसवा. पडदा कोण ओढणार? बेलार्मिनो मेजर! वाटलंच मला. बारातली मोठ्या डोक्याची हॅट त्याचीच ना?

यादी आहे तुमच्या खिशात? वाचा बरं. मला वाचता येत नाही, पण ऐकू येतं — वाचा. … हं. … हं, तो तर तापानं मेला, तोही हुतात्मा का? असू दे, पुढे. … संपली? सतराच? पुन्हा वाचा. नको, राहू दे, आहेत तेवढीच आहेत. परत न आलेले अठरा होते मास्तर. मी ह्या दारात उभं राहून जाणारेही मोजले होते आणि येणारेही. तुम्ही सोकोरोचे, तीन वर्षांपूर्वी आलात, तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही आपले मेजरनं तोंडानं सांगितलेलं शाईनं उतरवून घेतलंत. येताना माझं दार बघितलंत? खालच्या कोपऱ्यात निळा रंग आहे अजून, खरवडून खरवडून नखं गेली माझी, तेवढा राहिलाच. हेराचं घर ओळखू यावं म्हणून फासला होता गावानं. तेव्हा सरकार निळ्यांचं, बंड तांबड्यांचं, आणि आपलं गाव तांबडं — मग निळ्याला विकल्या गेलेल्याच्या दाराला काय फासणार? बरोब्बर.

पोरांना काय शिकवता तुम्ही युद्धाचं? पेरालोन्सोचा पूल शिकवत असाल. नाताळच्या आधी दहा माणसं गोळ्यांच्या माऱ्यात पुलावरनं धावत गेली आणि समोरचं अख्खं निळं सैन्य पळालं — हेच ना? दहाच होती हो. आता बाजारात विचारा, प्रत्येक म्हातारा म्हणतो मी पहिल्या दहांत होतो. सगळे खरंच असते तर पूल मोडून पडला असता! मेजरही सांगतो ना, वर्गात येऊन सांगतो? तो त्या दिवशी खेचरांना पाणी दाखवत होता. पण खरी गोष्ट पुलाची नाहीच. खरी गोष्ट पुढची. निळे पळाले, रस्ता मोकळा, तेव्हाच पाठलाग केला असता तर राजधानीत पोचले असते — आणि आमचे सेनापती बसले! महिनोन्‌महिने बसले. नाच काय, मेजवान्या काय, एकमेकांच्या पाठीमागे कुचाळक्या काय. माझा नवरा तेवढ्यात नाताळला घरी आला, चार दिवस राहिला. कुस्तोदिओ. कुस्तोदिओ आरेनास. घ्या, नाव निघालं तोंडातून. त्यानं मला तेव्हाच सांगितलं, "एउदोसिया, आम्ही जिंकलो त्याच दिवशी हरलो." शेतात राबणारा माणूस, पण सेनापतींहून जास्त कळत होतं त्याला.

मग मे महिन्यात पालोनेग्रो. पंधरा दिवस, मास्तर! तोफा इथे ऐकू यायच्या, भांडी हलायची फळीवरची. निळ्यांकडे काडतुसांच्या पेट्यांवर पेट्या, आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कोयते. वारा इकडे वळला की वास यायचा, मी पोटुशी, पाचवा महिना, गुळाचं पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. आणि मारणारे कोण, मरणारे कोण? दोन्हीकडे इथलीच माणसं — अंगात तोच सदरा, पायात तेच दोरीचे जोडे, डोक्यावर आम्ही बायकांनी विणलेली तीच हॅट. फरक काय तो फितीचा. तांबडी दिसली की हा मारणार, निळी दिसली की तो मारणार. चार बोटं रुंद कापड! पालोनेग्रो संपलं तिथे लढाई संपली होती खरं तर, पण मान्य कोण करणार — आणखी दोन वर्षं रानावनात एकमेकांच्या माना कापल्या, आणि शेवटी तहाच्या सह्या कुठे झाल्या? परक्यांच्या बोटीवर. मग वर्षभरात पनामाही देशातून फुटून गेला. हे सांगता का पोरांना?

काय? हेर होता का? — मास्तर, तुम्ही माझ्या घरात बसून, माझ्या बाकावर बसून — नाही, उठू नका. विचारलंत ना, आता ऐकून जा. मेजर काय सांगतो? पालोनेग्रोच्या दहाव्या दिवशी काटेरी झुडपात कुस्तोदिओची हॅट अडकली, तांबडी फीत फाटून लोंबायला लागली आणि तिच्याखाली निळी निघाली. व्यवस्थित शिवलेली निळी. काडतुसं संपलेली, आपल्याला कुणी विकलं ते सगळे शोधतच होते, आणि हा आयताच सापडला. ओरडला कोण पहिला? तुमचा मेजर. तेव्हा मेजर नव्हता, आमचा शेजारी होता, आमच्या चुलीवरच्या भाकऱ्या खाल्लेला. उभा केला झाडाला आणि घातल्या गोळ्या. काडतुसं नव्हती म्हणतात ना? त्याच्यासाठी तीन निघाली.

ती हॅट आहे माझ्याकडे. बेलार्मिनोनंच आणून ह्या उंबऱ्यात टाकली, सासूच्या देखत. थुंकला आणि म्हणाला — शब्दन्‌शब्द सांगते — म्हणाला, "आधी शपथा घेत होता, आईची शपथ, देवाची शपथ, मला ह्या निळ्या फितीचं काही माहीत नाही. मग कप्तानानं हॅट त्याच्या हातात दिली, म्हटलं नीट बघ आणि सांग कुणी शिवलं. त्यानं बघितलं. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, मीच शिवलं, बायकोला ठाऊक नाही." वर मला म्हणतो, उपकार मान, तुला तरी गोवलं नाही त्यानं, नाहीतर हे घर जाळायचा हुकूम होता.

तुमची हॅट काढा. काढा हो, खात नाही मी तुमची हॅट. कुठून घेतलीत? बाजारातून, म्हणजे माझीच. आता फितीचे टाके बघा, आतल्या बाजूनं. कुठे कलतात? उलटे ना? गावातल्या सगळ्या बायकांचे टाके उजवीकडे कलतात, माझे डावीकडे, कारण मी डावखुरी. थांबा, पेटीतून काढते ती. … ही घ्या. इथे रक्त नाही, गंजासारखं दिसतं ते पावसाचं आहे. तांबडी फीत उचला. निळीचे टाके बघा. कुठे कलतात, मास्तर? बोला ना, पोरांना फळ्यावर डावं-उजवं शिकवता ना?

हो. मी शिवली. त्या नाताळात. नोव्हेंबरात निळ्यांची तुकडी नदीवर आली होती, मी धुणं धूत होते, गावातल्या दोघा भावांना तांबडी फीत बघून पाण्यातच मारलं त्यांनी, माझ्या डोळ्यांदेखत, माझं धुणं लाल झालं. म्हणून शिवली. वरचा एक दोरा ओढला की तांबडी सुटावी आणि निळी दिसावी, एवढीच युक्ती. त्याला आधी सांगितलं असतं तर त्यानं हॅट चुलीत घातली असती, इतका सरळ माणूस. म्हटलं निघताना कानात सांगेन. तर हा बेलार्मिनो दारात उभा, मिशीला पीळ देत, चल चल करत! त्याच्यासमोर काय सांगू? म्हटलं कुणाबरोबर निरोप धाडीन. कुणाबरोबर धाडणार होते असला निरोप? तसाच गेला तो. आणि त्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नव्हता मास्तर, बटण तुटलं तर हातात घेऊन माझ्याकडे यायचा! "मीच शिवलं" म्हणाला आणि अख्ख्या गावानं मान डोलावली, एकानं विचारलं नाही. त्यानं माझे टाके ओळखले होते. बराच वेळ बघत बसला म्हणे. काय वाटलं असेल हो त्याला माझ्याबद्दल?

तोंड उघडायचं होतं मी, माहीत आहे. आधी घर जाळतील म्हणून गप्प राहिले. मग ही रोसेंदा झाली म्हणून. मग सासू — तीन वर्षं जगली, पोटच्या पोराचं नाव घेतलं नाही तिनं, आणि मी तिला पेज भरवत होते, गप्प बसून. मग खेचरवाल्यांच्या घरचं रोसेंदाला आलेलं स्थळ हेराची पोर म्हणून मोडलं, तेव्हा तरी सांगायचं! लाज वाटली. नवरा मारलेली बाई म्हणवून घ्यायची लाज वाटली, म्हणून त्याला हेर राहू दिला. आता बघा माझ्याकडे तसंच, बघा, मला चालेल. पण लेखणी घ्या आणि अठरावं नाव लिहा. कुस्तोदिओ आरेनास. नाही, मेजरला विचारून वगैरे नाही, आत्ता. ही हॅट घेऊन जा, चौकात सगळ्यांसमोर मेजरच्या हातात द्या, टाके कुणाचे ते कुठलीही बाई सांगेल. म्हणावं, एउदोसियानं बारातली पहिली पाठवलीय. उरलेल्या अकरा नाव कोरल्याशिवाय —

थांबा जरा.

ती मोगरी कधी थांबली? मघापासून ठकठक येत होती ना — तुम्ही ऐकलीत ना? कधीपासून बंद आहे? तुमचं लक्ष नव्हतं? माझंही नव्हतं. … रोसेंदा? … रोसेंदा, काम झालं का गं? …

उठा, मास्तर. हॅट घ्या ती. तुमचीही घ्या. नाही, पाणी नको मला, काही नको. दार लावून घ्या जाताना. अहो जा म्हणते ना — ती बाहेर येतेय.