खोलीतला ढोल

मी मूळचा औशाच्या पुढच्या एका खेड्यातला, बालाजी माझं नाव, अन् यांच्याकडं जमीन लहान अन् ढोल मोठा असं गावातले लोक म्हणायचे. बाप शेतकरीच, पण लग्न असू द्या, जत्रा असू द्या, ढोल आमच्याच दारातून निघायचा. माझ्याही गळ्यात लहानपणीच अडकवला. त्याचं शिकवणं एकच, इथं वाजवलं तर शिवारातल्या माणसानं मान वर केली पाह्यजे, न्हाई तर वाजवून राहिला कशाला, घरी जाऊन पीठ मळ. तर आम्ही तसंच हाणायचो.

भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती बोळवले. बाप अन् मी वाजवून वाजवून थकलो, बाप घरी जाऊन निजला, मी तसाच मारुतीच्या पारावर आडवा झालो, म्हणून आज तुमच्याशी बोलून राहिलो. पहाटं घराचं मातीचं माळवद खाली बसलं. बाप गेला. आईला दुपारी काढलं, जितीच. काय सांगू तुम्हाला, ती रडली न्हाई, फक्त एवढं म्हणली की आधी खालून आवाज आला, ढोलासारखा, मला वाटलं पोरगं अजून वाजवूनच राहिलंय.

तेव्हापासून घरात ढोल बंद. ती कधी वाजवू नको म्हणली न्हाई बरं का. पण मी वाजवला की उठून अंगणात जाऊन उभी राहायची, उन्हात बी, अन् थांबवला तरी आत यायची न्हाई. मग मीच बंद केला. गणपतीत, लग्नात बाहेर वाजवायचो तेवढंच.

पुढं लातूरला आलो. शहरात क्लासचं पेव फुटलं होतं, किनवट-हिमायतनगरकडून सुद्धा पोरं शिकायला येत होती. मी एका क्लासमध्ये शिपाई लागलो, फळे पुसायचे, बाकं लावायची. होता होता चार खोल्या बांधल्या, तीन क्लासच्या पोरापोरींना, सरांना भाड्यानं दिल्या. वर पत्रे. स्लॅब आईनं टाकू दिला न्हाई, डोक्यावर वजन नको म्हणली.

हळूहळू मिरवणुकीत डीजे आले अन् आम्हाला कोणी बोलवंना. नांदेडला माझा मेव्हणा गाणी करतो, लग्नाची, भजनाची. तो म्हणला, दाजी, ढोल घरीच रेकॉर्ड करून पाठवा, आता समदे तसंच करतेत. एक माईक बी दिला त्यानं. आई सकाळी देवळात जायची तासभर, तेवढ्या वेळात दार लावून मी बापानं शिकवलं तसा हाणला. मेव्हण्याचा फोन आला, दाजी, ढोल मागितला होता, तुम्ही तेलाचा डबा पाठवला. मला वाटलं हात कमी पडला. दुसऱ्या दिवशी डबल जोर लावला. तर म्हणतो, आता डबा फुटला. अन् मग जरा गंभीर होऊन म्हणला, जमत नसंल तर राहू द्या दाजी, इथं मशीनवरचा ढोल मिळतो.

ते लई लागलं. पण त्याच सकाळी वाजवणं झाल्यावर दार उघडून बघतो तर आई देवळातून लवकर आलेली, अन् गल्लीच्या मधोमध उभी, सगळ्या भिंतींपासून लांब, रिक्षावाले तिला वळसा घालून चाललेले. मी पळत गेलो, म्हणलं आई, मीच वाजवत होतो गं. ती म्हणली, "मला माहीत हाय रे. पायाला माहीत न्हाई."

आता सांगा, काय करावं माणसानं. आईला असं रस्त्यावर उभं करून वाजवायचं, का बापाचा ढोल मशीनला देऊन टाकायचा. ढोल गुंडाळून ठेवला मी.

आमच्याकडं फिजिक्सचे एक सर भाड्यानं राहायचे. त्यांनी विचारलं, बंद का केलंत. मी समदं सांगितलं. ते म्हणले, बालाजीराव, तुम्ही ढोल नाही, पत्रा रेकॉर्ड करताय. आवाज पत्र्याला लागून माघारी येतो अन् माईक तोच ऐकतो. तेव्हा परीक्षा संपलेल्या, पोरं गाद्या टाकून गावी गेलेली, दर साली टाकतात. सर अन् मी त्या गाद्या उचलल्या, भिंतीला लावल्या, पत्र्याखाली बांबूवर बांधल्या. एका गादीवर कुण्या पोरीनं पेनानं सूत्रं लिहिलेली, ती माझ्या तोंडासमोरच आली. मग सर म्हणले, आणि माईक एक वीत लांब आहे, त्याला शिवारात असल्यासारखं कशाला हाका मारता? हळू वाजवा.

हळू म्हणजे काय तेच मला कळंना. हात आपोआप वर जायचा. वाटायचं, बापाला पुसून टाकून राहिलो. पंधरा दिवस गेले. ढोलाच्या दोऱ्या जरा सैल केल्या, काठी बाजूला ठेवली, अन् एका सकाळी नुसतं थोपटलं, लेकराला थोपटतात तसं. हेडफोन लावून ऐकलं, तर असा भरीव, खोल, थेट आमच्या गावचा ढोल. मेव्हणा म्हणतो, दाजी, कोणत्या स्टुडिओत जाऊन आलात?

बाहेर आलो तर आई उंबऱ्यात बसून डाळ निवडून राहिली होती. कधी आलीस म्हणलं. म्हणली, मघाशीच. वाजवत होतास का? हो म्हणलं. तर म्हणली, मला ऐकव. मी भीत भीत हेडफोन तिच्या कानाला लावला. पहिला ठोका पडला अन् तिची नजर एकदम बाजूच्या तांब्यावर गेली, तांब्यातल्या पाण्यावर. गाणं संपेस्तोवर ती त्या पाण्याकडंच बघत होती. मग म्हणली, "पाणी हाललं न्हाई."

आता माझा ढोल बऱ्याच गाण्यात असतो, नाव नसतं, पण असतो. दुपारी आईच म्हणते, नवीन काय केलंस, लाव. खाली फरशीवर बसते, डोळे मिटून ऐकते, मान बी डोलवते. एक हात मात्र फरशीवर सपाट ठेवते, गाणं संपेपर्यंत उचलत न्हाई. त्या हाताला कधी काही कळू नये, एवढंच देवाला मागणं.