वायर पोचेल तेवढं गाव

बेलार्मिना : ते खोकं तसंच राहू दे, एवेलियो. दोरी सोडू नकोस. आधी गुळाचं पाणी पी, गार होतंय.

एवेलियो : अगं ताई, बघ तरी. औषधाची वाफ देणारं मशीन, आणि बॅटरीवर चालतं हे. हातात मावतं. बोगोतातल्या तीन दुकानांत विचारून आणलंय, आणि तू म्हणतेस सोडू नकोस?

बेलार्मिना : दोन दिवस बसमध्ये आंबून आलायस. आधी बूड टेक. मशीन पळून नाही जायचं.

एवेलियो : जत्रेच्या दिवशीच पोचणार होतो मी. घाटात दरड आली, बस मागे फिरवली. शेजारणीला फोन केला तर ती म्हणते, तुझी बहीण मांडवावर चढली आणि गायली. पुढे फोन तुटला. मला वाटलं, ही बाई सकाळीच प्यायली असणार.

बेलार्मिना : ती पीत नाही. मी गायले.

एवेलियो : जिला खाटेवरून चुलीपर्यंत जाताना भिंत धरावी लागायची, ती?

बेलार्मिना : तीच.

एवेलियो : आणि मशीन बंद केलंस म्हणे. कुणी सांगितलं? कुठला वैदू आलाय गावात? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फुप्फुसं कायमची गेलीत, चुलीच्या धुरानं खाल्लीत. मी दर महिन्याला औषधाच्या कुप्या पाठवतोय, आणि तू...

बेलार्मिना : झालं बोलून? मग ऐक. तू मशीन आणलंस तेव्हा मी इस्पितळातून आले होते. दिवसाला चारदा घे म्हणालास. मी चारदा घेतलं. मग वाटलं, चारदा बरं तर सहादा जास्त बरं. मग आठदा. हात असे थरथरायचे की कप बशीवर वाजायचा. काळीज धडधडायचं, आणि ते धडधडलं की मला वाटायचं धाप लागली, म्हणून परत मशीन.

एवेलियो : हे तू मला फोनवर कधीच नाही सांगितलंस.

बेलार्मिना : काय सांगू? तू इतक्या हौसेनं आणलेलं. खाट भिंतीतल्या प्लगच्या भोकांजवळ सरकवली. वायर पोचेल तेवढंच माझं गाव. वीज गेली की मी देवाचं नाव घेत बसायची. मक्याच्या भाकऱ्या करणं सुटलं, बाजार सुटला. दोन जत्रा मी घरात बसून ऐकल्या. कुस्तोदियो मांडवावरून ओरडायचा, आहे का कुणी समोर यायला? आणि कुणी नसायचं.

एवेलियो : चाळीस वर्षं गाण्याच्या सवाल-जवाबात तुम्हा दोघांचीच तर जुंपायची.

बेलार्मिना : तर. मग जानेवारीत आरोग्य चौकीवर नवी नर्स आली, योलिमा. चोवीस-पंचवीसची पोर, बूट चिखलानं भरलेले. घरोघर हिंडत आली. मला म्हणाली, आजी, तुमचा तोंडानं ओढायचा पंप कुठंय? मी फडताळातून काढला. म्हणाली, घेऊन दाखवा. मी तोंड उघडलं, फुस्स केलं, झालं. ती हसायलाच लागली.

एवेलियो : हसली?

बेलार्मिना : म्हणाली, आजी, तुमची जीभ बरी झाली असेल, छातीत काहीच गेलं नाही. इतकी वर्षं मी औषध जिभेला पाजत होते, आणि म्हणत होते पंपानं काही होत नाही. मग तिनं एक नळकांडं दिलं, स्पेसर म्हणतात त्याला. पंप हलवायचा, नळकांड्याला लावायचा, श्वास बाहेर सोडायचा, एकच फवारा, मग सावकाश आत ओढायचा आणि धरून ठेवायचा. दुसरा फवारा थांबून. आठ दिवस रोज येऊन माझ्याकडून घोकून घेतलं तिनं.

एवेलियो : पण मशीनचं औषध जोरकस असतं ना? इस्पितळात तर तेच लावलं होतं.

बेलार्मिना : मीही हेच विचारलं. म्हणाली, औषध तेच आहे, फक्त रस्ता वेगळा. ज्याला पंप नीट ओढता येतो त्याला रोजच्याला तोच पुरे. इस्पितळात गेलात तेव्हा तुम्हाला दोन शब्द बोलता येत नव्हते, पंप काय ओढणार? तेव्हा मशीनच हवं. ज्यांचे हात चालत नाहीत, ज्यांना शिकवूनही जमत नाही, त्यांनाही हवं. तुम्हाला जमतं. आणि ती काही स्वतःच्या मनानं नाही बोलली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं, रोजचा वेगळा पंप लिहून दिला आणि कागद करून दिला. कधी काय घ्यायचं ते.

एवेलियो : आणि तू लगेच ऐकलंस? तू?

बेलार्मिना : कुठलं. पहिला दिवस मी मशीनकडे बघत काढला. योलिमा म्हणाली, त्या निलगिरीच्या झाडापर्यंत चला. मी म्हटलं, वेडी आहेस का. पण चालले. ओठ शिट्टीसारखे करून श्वास सोडत. झाडाला हात लावला आणि रडले. मग विहिरीपर्यंत. मग सांताक्रूसच्या वळणापर्यंत. मार्चमध्ये बाजारात गेले. कुस्तोदियो बटाटे विकत बसला होता. मला बघून त्याच्या हातातून वजनच पडलं.

एवेलियो : म्हणजे मी आणलेलं मशीन तुझ्या वाईटावरच होतं.

बेलार्मिना : तसं नाही, वेड्या. तेच सांगायचंय. जत्रेच्या तीन आठवडे आधी छातीच्या दुखण्यानं मला परत गाठलं. बेडका हिरवा झाला, दाट. पंप घेतला तर अर्धा तास बरं, मग परत धाप. बोलताना मध्येच थांबावं लागायचं. आणि मी काय केलं? लपवलं.

एवेलियो : का?

बेलार्मिना : हट्ट. वाटलं, आता मशीनला हात लावला तर मी हरले. परत खाटेला बांधली जाणार, जत्रा गेली. दीड दिवस तशी बसले. योलिमा आली, दारातूनच माझा आवाज ऐकला आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, कागदावर काय लिहिलंय? तिनंच वाचून दाखवलं. बेडक्याचा रंग बदलला, पंप पुरेनासा झाला, तर मशीन लावा आणि चौकीला कळवा. मग म्हणाली, "आजी, मशीन म्हणजे हार नाही. मशीन असून धापा टाकत बसणं, ही हार."

एवेलियो : मग?

बेलार्मिना : तुझंच मशीन लावलं. वाटी, मास्क सगळं तिनं धुऊन ठेवायला लावलं होतं म्हणून बरं, नाहीतर त्यातलीच घाण छातीत गेली असती. तेवढ्यावर चौकीपर्यंत पोचण्याइतका श्वास आला. दुधाच्या ट्रकमधून नेलं. तिथून डॉक्टरीणबाईंना फोन, गोळ्या, चार दिवस मशीन त्या सांगतील तेव्हा. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, आता परत पंपावर या. मशीन पुसून कपाटात.

एवेलियो : म्हणजे उपयोगी पडलं.

बेलार्मिना : त्या दिवशी ते नसतं तर तू जत्रेला नाही, माझ्या मातीला निघाला असतास.

(एवेलियो उठतो, खिडकीशी जाऊन उभा राहतो, परत येऊन बसतो.)

एवेलियो : आणि त्यानंतर तीन आठवड्यांत तू मांडवावर चढलीस.

बेलार्मिना : सात पायऱ्या. चौथीवर थांबले, श्वास सोडला, मग वर. कुस्तोदियोला वाटलं मी त्याचं कौतुक करायला आलेय. पण लोकांनी जागा करून दिली तसा तो आपली छोटी गिटार सुरात लावून बसला. जुना पाजी. लगेच माझ्यावरच सोडलं :

*भिंतीच्या भोकाला बांधलेली गाय,*
*बेलार्मिना दोरी तोडणार काय?*
*खुंट्याशी चारा नि खुंट्याशी पाणी,*
*विसरून गेली ती जुनी गाणी.*

एवेलियो : हलकट. लोक हसले असतील.

बेलार्मिना : सगळ्या मैदानभर हशा. मलाही आलं हसू. पण हसायला श्वास घालवून चालणार नव्हतं. तारा वाजत होत्या तोवर मी सावकाश आत ओढला, योलिमानं घोकून घेतला होता तसा. एका श्वासात दोन ओळी बसतात का बघितलं. बसत होत्या. मग दिलं :

*खुंट्याला बांधून गाय राहिली घरी,*
*दोन वर्षं बैलाची चंगळच खरी!*
*दोरी मी सोडून आले रे दारी,*
*शिंगं सांभाळ, आता माझी बारी.*

एवेलियो : ताई!

बेलार्मिना : पाद्रीबाबा उठून उभे राहिले. कुस्तोदियोनं अकरा वेळा उत्तर दिलं, मी अकरा वेळा फिरवलं. बाराव्याला तो 'बटाटा'च्या जोडीला शब्द शोधत राहिला, तारांवर चाल तीनदा फिरली, आणि त्यानं टोपी काढून माझ्या पायाशी ठेवली. बक्षिसाची घोंगडी मला मिळाली. ती बघ, खुर्चीवर. योलिमा खाली उभी राहून माझ्यापेक्षा जास्त रडत होती.

एवेलियो : मी तिथं असायला हवं होतं. दोन वर्षं कुप्या पाठवल्या, आणि एकदाही येऊन बघितलं नाही तू पंप कसा घेतेस.

बेलार्मिना : तुला तरी कुठं ठाऊक होतं कसा घेतात ते. ते खोकं सोड आता. बॅटरीचं आहे म्हणतोस ना? पावसात इथं दोन-दोन दिवस वीज नसते. कपाटात जुन्याशेजारी ठेवू. योलिमाला दाखवल्याशिवाय मात्र लावायचं नाही.

एवेलियो : ठेवतो. पण खरं सांग, ताई. मांडवावर धाप नाही लागली?

बेलार्मिना : लागली की. गाऊन झाल्यावर. कुस्तोदियोला लागली तेवढीच.